पूर्णाकाठची माशी आणि चांदीपुऱ्याचं नाव

(भागाचं संपादित शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले काही शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत.)

आपण इथे एरवी वऱ्हाडाच्या राजा-महाराजांच्या, कापसाच्या, शकुंतला रेल्वेच्या गोष्टी करतो. आज गोष्ट एका माशीची आहे. नाराज होऊ नका, इतिहासच सांगणार आहे. माणसाला एक माशी नीट ओळखायला किती वर्षं लागतात आणि तोपर्यंत काय काय होऊन जातं, त्याचा हा इतिहास.

झालं असं, की २०२४ च्या पावसाळ्यात मूर्तिजापूरहून आपल्या एका श्रोत्याचा मेसेज आला. एक फोटो आणि खाली व्हॉइस नोट. फोटोत एका हाताचा तळवा, आणि तळव्यावर एक भलामोठा, लांब लांब पायांचा किडा. दोनेक बोटं रुंदीचा. व्हॉइस नोटमध्ये आवाज घाबरलेला: "दादा, लाखपुरीकडं नदीवर गेलतो. काठाले हे सापडलं. एवढं मोठं मच्छर म्या आजलोक पायलं नाही. हे थे चांदीपुरावालं तं नाही ना?" पुढेही दोन वाक्यं होती. ती मी शेवटी सांगतो, कारण ती मी स्वतःही उशिरा ऐकली.

ज्यांना भूगोल आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाखपुरी हे मूर्तिजापूर तालुक्यातलं पूर्णेच्या काठचं गाव, तिथलं लक्षेश्वराचं देऊळ प्रसिद्ध आहे. पूर्णा सातपुड्यातून उतरते, अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या काळ्या मातीतून पश्चिमेकडे जाते आणि तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांचा पट्टा म्हणजे आपला खारपाणपट्टा. त्या दिवसांत बातम्यांत एकच नाव होतं: चांदीपुरा. गुजरातेत लेकरं दगावत होती. आणि टीव्हीवर सांगत होते, की हा आजार 'सँड फ्लाय' म्हणजे वाळूमाशीमुळे होतो. आता माणूस काय विचार करणार? वाळूमाशी, म्हणजे वाळूत राहणारी. वाळू कुठे? नदीवर. मग नदीवर काही अनोळखी उडताना दिसलं की तीच.

त्याचा तर्क चुकला होता, पण मूर्खपणाचा अजिबात नव्हता. नावानंच त्याला फसवलं. हे नाव आलं कुठून, तिथून आज सुरुवात करू.

आधी फोटोतली माशी

पहिला प्रश्न: ही माशी तरी आहे का? इंग्रजीत नावापुढे 'फ्लाय' लागलेलं सगळंच माशी नसतं. ड्रॅगनफ्लाय म्हणजे चतुर, बटरफ्लाय म्हणजे फुलपाखरू. नदीकाठी संध्याकाळी दिव्यावर थव्यानं येणारी मेफ्लाय हीसुद्धा माशी नाही. शास्त्रातली माशी ओळखायची खूण एकच: उडण्याचे पंख दोनच. बहुतेक कीटकांना चार पंख असतात. माशांच्या मागच्या दोन पंखांचं रूपांतर बारीक मुगदलासारख्या दोन दांड्यांत झालेलं असतं. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळण्याचं काम ते करतात. या गटाला द्विपंखी हे नाव आहे. १७५८ साली लिनीयसनं आपल्या वर्गीकरणात ते कायम केलं, पण माशा दोन पंखांच्या असतात हे त्याच्या दोन हजार वर्षं आधी अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं. डासही द्विपंखीच. म्हणजे आपला मच्छर हा शास्त्राच्या हिशोबानं माशीचाच भाऊबंद आहे.

फोटो मोठा करून पाहिला, तर संतोलक स्पष्ट दिसत होते. मोठे किडे पाहायचे तर एवढं पुरतं, भिंग लागत नाही. पाय शरीराच्या दुपटीहून लांब आणि इतके नाजूक, की एक पाय आधीच गळालेला. आणि पाठीवर, दोन पंखांच्या मधोमध, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच. ही खाच, लांब पाय आणि चावायला योग्य अशा सोंडेचा अभाव: तिन्ही खुणा जमल्या. ही क्रेन फ्लाय. क्रेन म्हणजे क्रौंच, त्या पक्ष्यासारखे पाय म्हणून हे नाव.

ही माशी चावत नाही. चावूच शकत नाही. प्रौढ माशी थोडेच दिवस जगते, आणि पुष्कळ जाती तर फारसं खातही नाहीत. तिच्या अळ्या ओल्या मातीत, काठाच्या चिखलात, सडलेल्या पानांत वाढतात आणि तो काडीकचरा खाऊन त्याची माती करतात. म्हणजे पूर्णेच्या काठी ती सापडणं यात नवल काहीच नाही. नवल आपल्याला वाटतं, कारण आपण तिच्याकडे कधी पाहिलेलं नसतं.

पण नेमकी कोणती क्रेन फ्लाय? ते फोटोवरून सांगता येत नाही. फोटोवरून कूळ कळतं, जात कळत नाही. या गटात जगभरात पंधरा हजारांवर जाती आहेत. अमेरिकेतले चार्ल्स पॉल अलेक्झांडर नावाचे गृहस्थ आयुष्यभर फक्त याच माशांवर काम करत राहिले. पत्नी मेबल सोबतीला. दहा हजारांहून जास्त नव्या जातींची वर्णनं एकट्यानं लिहिली, त्यांत भारतातून पाठवलेल्या नमुन्यांचा मोठा वाटा होता. जात ठरवायची तर पंखातल्या शिरांचं जाळं आणि नराच्या शेपटाकडचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. आपल्या श्रोत्याला त्याची गरज नव्हती. त्याला एवढंच हवं होतं: ही ती नाही ना? नाही, ही ती नव्हे.

मग 'ती' कशी असते?

वाळूमाशी दिसायला अगदीच किरकोळ. लांबी दीड ते तीन मिलिमीटर. तीळ डोळ्यांसमोर आणा, त्याच्या आसपास. रंग मातकट, अंगावर केस. बसली की पंख पाठीवर मिटत नाही, वर उचलून धरते, पुन्हा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे. उडायला कमजोर, भिंतीवरून टुणटुण उड्या मारत जाते. लांब जात नाही, जन्मली त्या जागेच्या आसपासच आयुष्य काढते. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकातून ती सहज आत येते, आणि डासासारखी कानाशी गुणगुणतही नाही. इटालियन भाषेत तिला 'पापाताची' म्हणतात, म्हणजे गुपचूप खाणारी. तिच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव फ्लेबोटोमस, ग्रीकमध्ये अर्थ शीर कापणारा. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून.

आणि राहते कुठे? वाळूत नाही. 'सँड फ्लाय' हे इंग्रजीतलं ढिलं नाव आहे. जगात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या चावऱ्या बारीक माशांना ते लावतात, त्यांत समुद्रकिनाऱ्यावरच्याही आल्या. आपण त्या नावाचं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं आणि वाळूमाशी असा शब्द तयार झाला. आपल्याकडची ही माशी दिवसा मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, उंदरांच्या बिळांत दडून बसते. तिच्या अळ्या पाण्यात वाढत नाहीत. शेण, पालापाचोळा मिसळलेल्या दमट मातीत वाढतात. म्हणजे आपण शोधतो नदीवर, आणि ती बसलेली असते आपल्या घरच्या भिंतीत.

कलकत्त्यातला वादक

आता इतिहासाकडे. भारतातल्या माशा ओळखायचं काम नीट सुरू झालं विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये. तिथे नेल्सन अॅनन्डेल हे प्राणिशास्त्रज्ञ प्रमुख होते. १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालकही तेच झाले. त्यांच्या जोडीला एनरिको ब्रुनेटी नावाचा माणूस होता. नाव इटालियन, जन्म लंडनचा, पेशा संगीताचा. हो, पोटापाण्याचा धंदा वादनाचा, आणि उरलेल्या वेळात माशा. या माणसानं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत द्विपंखी कीटकांवर १९१२, १९२० आणि १९२३ साली तीन खंड लिहिले. पुढच्या पिढ्यांनी भारतातली कुठलीही माशी ओळखायला घेतली की सुरुवात याच खंडांपासून केली.

१९०८ साली अॅनन्डेल आणि ब्रुनेटी या दोघांच्या नावानं एका बारीक केसाळ माशीची नोंद झाली: फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस. लॅटिनमध्ये अर्जेंटम म्हणजे चांदी, पीस म्हणजे पाय. चंदेरी पायांची माशी. उजेड पडला की पाय चमकतात म्हणून. तेव्हा ही केवळ संग्रहालयातली एक नोंद होती. ही माशी कुणाचा जीव घेते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी

पुढचा माणूस जॉन सिंटन. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, २१ जानेवारी १९१६ ला, गोळीबारात जखमी सैनिकांवर उपचार करत होता. त्याच्या दोन्ही हातांत गोळ्या लागल्या, कुशीतही लागली. तरी तो मागे हटला नाही, दिवसाचा उजेड होता तोवर काम करत राहिला. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे १९४६ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. हे दोन्ही मान मिळवणारा आजवरचा तो एकटाच.

या सिंटननं युद्धानंतर काय केलं? वाळूमाशा गोळा केल्या. वायव्य सरहद्दीवर पेशावरच्या बाजूला सैनिकांना एक तीन दिवसांचा ताप यायचा, सँडफ्लाय फीव्हरच म्हणायचे त्याला. पलटणीच्या पलटणी अंथरुणाला खिळायच्या. म्हणून सरकारला या माशीत रस. सिंटननं वर्षानुवर्षं देशभरातले नमुने तपासले आणि भारतातल्या वाळूमाशांच्या जाती एकमेकींपासून कशा वेगळ्या ओळखायच्या, याचे तक्ते तयार केले. बाहेरून पाहून या माशा वेगळ्या करता येत नाहीत. माशी काचेच्या पट्टीवर घ्यायची, रसायनानं पारदर्शक करायची आणि तिच्या घशातले बारीक दात, पोटातली बीजकोषाची पिशवी पाहायची. तीन मिलिमीटरच्या माशीचे दात मोजायचे! ज्या हातांत गोळ्या गेल्या होत्या, त्याच हातांनी.

आणि याचा उपयोग झाला. बंगाल, बिहार, आसाममध्ये काळा आजार पसरला होता. ताप, पांथरी वाढणं, अंग काळवंडणं, आणि उपचार नाही मिळाला तर मरण. तो पसरतो कसा हे कळत नव्हतं. ढेकणांवर संशय होता. सिंटननं देशाच्या नकाशावर दोन गोष्टी मांडल्या. काळा आजार कुठे कुठे आहे, आणि चंदेरी पायांची माशी कुठे कुठे सापडते. दोन्ही पट्टे जुळत होते. १९२४ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना या माशीच्या पोटात काळ्या आजाराचे परजीवी वाढताना सापडले.

तरी पुरावा अर्धाच होता. माशीच्या पोटात परजीवी आहेत हे ठीक, पण ती चावल्यानं माणसाला आजार होतो का? वर्षानुवर्षं प्रयोग फसत राहिले, कारण एकदा रक्त प्यायलेली माशी दुसऱ्यांदा चावण्याआधीच मरून जायची. शेवटी युक्ती सापडली ती स्वयंपाकघरातली: मनुका. १९४० साली स्मिथ, हलदर आणि अहमद यांनी दाखवलं, की रक्तानंतर माशीला मनुकांचा रस दिला तर ती जगते आणि परजीवी तिच्या घशापर्यंत भरून येतात. त्याच्या आधारे १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून पुरावा पूर्ण केला. १९०८ ला माशीला नाव मिळालं, १९४२ ला तिचा गुन्हा सिद्ध झाला. चौतीस वर्षं. आणि या यादीतली हलदर, अहमद, स्वामिनाथ ही नावं मुद्दाम लक्षात ठेवा. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची गोष्ट सगळे सांगतात, माशीला मनुका खाऊ घालणाऱ्यांची कुणी सांगत नाही.

नागपूर, १९६५

आता आपल्या विदर्भात येऊ. १९६५ च्या उन्हाळ्यात नागपूर भागात तापाची मोठी साथ आली. सांधे धरणारा, अंग मोडून काढणारा ताप. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं तपास सुरू केला. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारलेली ही संस्था, हिलाच पुढे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणू लागले. साथीत प्रामुख्यानं चिकुनगुन्या आणि डेंगी सापडले. पण दोन रुग्णांच्या रक्तातून एक वेगळाच विषाणू मिळाला. आधीच्या कुठल्याही ओळखीच्या विषाणूशी न जुळणारा.

भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. नाव दिलं गावाचं: चांदीपुरा. त्या काळी रीतच होती तशी. याच संस्थेनं १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलावरून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव प्रचारात आणलं होतं. आज अशी नावं द्यायचं टाळतात, आणि ते बरोबरच आहे. गावानं काय गुन्हा केला? पण योगायोग पाहा. माशी चंदेरी पायांची, आणि विषाणू चांदीपुऱ्याचा.

तेव्हा या विषाणूला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. ताप येतो आणि जातो, असंच वाटलं. पसरवणारा कोण? प्रयोगशाळेत तो डासांच्या शरीरात वाढला, म्हणून डासांवरही संशय होता. मग १९७० साली धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी जाहीर केलं, की औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पकडलेल्या वाळूमाशांमधून हाच विषाणू मिळाला आहे. पुढे परदेशात प्रयोग झाले, त्यांत असं दिसलं की वाळूमाशीची मादी तो आपल्या अंड्यांतून पुढच्या पिढीलाही देऊ शकते.

म्हणजे विषाणू कळला होता, माशी कळली होती, कागदावर दोघांची गाठही पडली होती. आणि मग ही फाइल कपाटात जाऊन पडली.

अडतीस वर्षांनी

२००३ च्या जूनमध्ये आंध्र प्रदेशात, त्यातही तेलंगणाच्या जिल्ह्यांत, लेकरं अचानक दगावू लागली. संध्याकाळी खेळणारं मूल, रात्री ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी आणि दुसऱ्या दिवशी संपलेलं. ऑगस्टपर्यंत ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. पुण्याच्या संस्थेत नमुने आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले. पुढच्या तपासण्यांत नाव निघालं: चांदीपुरा. १९६५ ला दोन रुग्णांत सापडलेला, साधा ताप देणारा म्हणून विसरलेला विषाणू.

त्याच सुमाराला आपल्या महाराष्ट्रातही रुग्ण सापडले. २००७ साली नागपूर विभागात मुलांमध्ये मेंदूज्वराचे ७८ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले जवळपास ४४ टक्के दगावले. म्हणजे विषाणू जिथे पहिल्यांदा सापडला, त्याच मुलखात तो बेचाळीस वर्षांनी लेकरं नेत होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नागपूर भागातल्या वाळूमाशांमधून पुन्हा हा विषाणू मिळाला, पण या वेळी माशी वेगळ्या प्रजातीची होती: सर्जेंटोमिया. अल्जीरियात काम केलेल्या सर्जंट बंधूंवरून आलेलं हे नाव. ही मुख्यतः पाली-सरड्यांचं रक्त पिते असं मानत आले आहेत, म्हणून तिच्याकडे कुणी फार लक्ष देत नव्हतं. आता तिचंही नाव संशयितांत आलं. एका माशीला दुसरीपासून वेगळं ओळखण्यासाठी सिंटननं दात का मोजले, ते इथे कळतं. चुकीच्या माशीवर नजर ठेवली, तर बरोबरची माशी शेजारी बसून काम करत राहते.

आणि २०२४. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा विषाणू पक्का झाला. बहुतेक गुजरातेत. जागतिक आरोग्य संघटनेनं ही वीस वर्षांतली सर्वांत मोठी साथ म्हटलं. या आजारावर अजूनही लस नाही, खास औषध नाही. झटके थांबवणं, ताप उतरवणं, श्वास चालू ठेवणं, हेच उपचार. आणि वेळ असतो चोवीस-अठ्ठेचाळीस तासांचा.

दापुऱ्याचा खराटा

मूर्तिजापूरची गोष्ट आणि गाडगेबाबांचं नाव नाही, असं कसं होईल? बाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. पण वडील गेल्यावर लहानपण गेलं ते मामाच्या गावी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, पूर्णेच्याच खोऱ्यात. तिथे डेबूजीनं गुरं राखली, शेती केली. पुढे हातात खराटा घेऊन निघाले ते शेवटपर्यंत. गावात शिरायचं, आधी रस्ते झाडायचे, गोठ्याभोवतीची घाण काढायची आणि रात्री कीर्तनात लोकांना त्यावरून खडसवायचं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. तेव्हा चांदीपुरा विषाणू सापडायला अजून नऊ वर्षं होती.

बाबांना वाळूमाशी माहीत होती, असं मी म्हणत नाही. भाबडेपणा नको. पण वाळूमाशीच्या अळ्या कुठे वाढतात याची यादी काढा: घराला चिकटलेला शेणाचा ढीग, गोठ्यातली ओली माती, भिंतीच्या बुडातला पालापाचोळा. आणि बाबांचा खराटा कुठे फिरायचा, त्याची यादी काढा. दोन्ही याद्या एकच आहेत.

याची दुसरी बाजूही सांगतो. १९५३ पासून देशात हिवतापासाठी घरोघरी डीडीटी फवारलं गेलं. फवारणी डासांसाठी होती, पण भिंतीवरच्या वाळूमाशाही त्यात मेल्या आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी ओसरली, आणि सत्तरच्या दशकात बिहारमध्ये तो पुन्हा उसळला. म्हणजे माशी गेली नव्हती, दबली होती. औषधाची फवारणी काही महिने टिकते. भेगाळलेली भिंत आणि दारातलं शेण तिथेच राहतं.

परत लाखपुरीला

आता त्या मेसेजकडे येऊ. मी तो मेसेज पाहिला आणि, खरं सांगतो, खूश झालो. फोटो मोठा केला, संतोलक पाहिले, पाठीवरची 'व्ही' पाहिली आणि ऐटीत उत्तर लिहिलं: "ही क्रेन फ्लाय आहे, चावत नाही, घाबरू नका, सोडून द्या." व्हॉइस नोट मी अर्धीच ऐकली होती. प्रश्न कळला असं वाटलं, म्हणून बंद केली.

रात्री निवांत पुन्हा लावली, तेव्हा शेवटची दोन वाक्यं ऐकली: "घरी बहिणीच्या पोरीले कालपासून ताप हाय. म्हून इचारलं."

पोटात गोळा आला. ताबडतोब फोन केला. म्हटलं, माशी राहू दे, पोरगी कशी आहे? वय किती? उलटी होते का, झटका आला का, हाक मारल्यावर ओळखते का? वय चार. ताप चढलेला, सुस्त पडलेली. आणि तो म्हणाला, "तुम्हीच तं म्हणलं ना दादा, घाबरू नका म्हून." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, सकाळची वाट पाहू नको. त्यांनी नेलं. देवाच्या दयेनं साधा ताप निघाला, पोरगी तिसऱ्या दिवशी अंगणात खेळत होती. पण मधले ते सात-आठ तास माझ्या उत्तरामुळे वाया गेले होते. तसं व्हायला नको होतं. त्या रात्री दुसरं काही निघालं असतं, तर तेवढेच तास मोलाचे होते.

माझी ओळख चुकली नव्हती. आजही कुणी तो फोटो दाखवला तर मी तेच सांगीन. पण तो माणूस माशीचं नाव विचारत नव्हता, तो आपल्या लेकराबद्दल विचारत होता. नदीकाठची माशी निर्दोष निघाली, एवढ्यानं घरातला ताप निर्दोष ठरत नाही. १९६५ च्या विषाणूचंही थोडं असंच झालं की. नाव दिलं, नोंद केली, आणि प्रश्न मिटला असं समजून आपण पुढे गेलो.

पुढच्या आठवड्यात मी मूर्तिजापूरला त्यांच्या घरी गेलो. मातीचं घर, मागच्या भिंतीला लागून गोठा. पोरगी झोपायची ती खोली नेमकी त्या भिंतीशी. बॅटरी घेऊन भिंतीच्या भेगांत पाहिलं. दोन-तीन तिळाएवढ्या मातकट माशा, पंख वर धरून बसलेल्या. उजेड पडला तशा टुणकन उडून पुढच्या भेगेत गेल्या. कोणत्या जातीच्या, ते सांगायला सिंटनसारखे दात मोजावे लागतील. पण 'व्ही' मात्र दिसली. मी त्याला दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आन् म्या नदीवर पायत होतो."

त्या पोरानं मग भेगा शेणमातीनं नाही, सिमेंटनं बुजवल्या. उकिरडा घरापासून लांब हलवला. पोरीची खाट भिंतीपासून ओढून मध्ये घेतली आणि बारीक जाळीची मच्छरदाणी आणली. शेजारच्या दोन घरांनीही तेच केलं.

तर मंडळी, पावसाळ्यात लेकराला चढता ताप, उलट्या, झटके, गुंगी यांतलं काही दिसलं तर कुठल्याही माशीचा फोटो कुणाला पाठवत बसू नका, आधी दवाखाना गाठा. आणि घरी सगळं ठीक असेल तेव्हा एखाद्या संध्याकाळी पूर्णेच्या काठी जाऊन बसा. लांब पायांची ती क्रेन फ्लाय भेटेल. तिला घाबरू नका, मारू नका. घरी आल्यावर बॅटरी घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर मारून बघा.

भेटू पुढच्या भागात. रामराम.